भेंडी धरणारी बोटं

रोबोटच्या हाताचं कौतुक होतं ते खांद्याचं आणि कोपराचं. हात वळला, वाकला, वर गेला की बघणारे खूश होतात. पण हाताचं खरं काम टोकाला असतं. तिथली दोन बोटं काही धरू शकली नाहीत, तर मागचे सगळे सांधे हवेत हातवारे करण्यापुरतेच. या दोन बोटांच्या जोडणीला ग्रिपर म्हणतात. पक्कड, सांडशी, चिमटा, अडकित्ता ही त्याची जुनी भावंडं. पण सांडशीमागे माणूस असतो आणि माणसाबरोबर डोळे, कातडी, वर्षानुवर्षांची सवय असं सगळं न सांगता येतं. ग्रिपरमागे एक सर्व्हो मोटर असते आणि तिच्याबरोबर यातलं काहीच येत नाही. जे हवं ते आपल्यालाच एकेक करून पुरवावं लागतं. ते पुरवताना आपला स्वतःचा हात कसा चालतो, हे मला पहिल्यांदा नीट दिसलं.

माझी भाची मानवत तालुक्यातल्या एका गावात राहते, नववीत शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत परभणीला आमच्याकडे आली ती एक खोकं सांभाळतच. खोक्यात रोबोटचा हात होता. खाली फिरणारी चकती, तिच्यावर खांदा, कोपर, मनगट, सगळं पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं. शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुलामुलींनी मिळून तो इथवर आणला होता आणि मग सुट्टी लागली. बोटं बसवायची राहिली होती. "मामा, ते आपण करू," तिनं जाहीर केलं आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्या दिवसापासून तिचा झाला.

नट-बोल्ट, वायर, सोल्डरिंगचं सामान परभणीच्या बाजारात मिळतं. सर्व्हो आणि ग्रिपरचे सुटे भाग मात्र कुरिअरनं मागवावे लागतात, किंवा कुणी हैदराबादला जाणारा गाठावा लागतो. मनमाडहून येणारी अजिंठा एक्स्प्रेस रात्रीची परभणीवरून जाते, सकाळी काचीगुड्याला पोचते आणि तिथून कोठीतली गुजराती गल्ली जवळच आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या दुकानांशी मराठवाड्याची ओळख जुनी, रेडिओ दुरुस्तीच्या काळापासूनची. आमचे भागही एका परिचितांनी तिथूनच आणून दिले.

सर्व्हो दिसायला काडेपेटीसारखी चौकोनी डबी, पण तिच्यातली कल्पना फार देखणी आहे. आत एक छोटी मोटर असते, ती वेगानं फिरते पण तिच्यात जोर नसतो. तिच्यापुढे दातेरी चाकांची उतरंड असते. तिच्यातून जाताना वेग कमी होतो आणि तेवढाच जोर वाढतो. शेवटच्या चाकाच्या दांड्याला खालून एक पोटेन्शिओमीटर जोडलेला असतो, रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणामागे असतो तसाच. दांडा किती वळला हे त्यावरून कळतं. बाहेरून तीन वायरी येतात: तपकिरी, लाल आणि नारिंगी. पहिल्या दोन विजेच्या, तिसरी हुकमाची. हुकूम येतो तो विजेच्या ठोक्याच्या लांबीतून. सेकंदाला 50 ठोके, म्हणजे दर 20 मिलिसेकंदांना एक. ठोका एक मिलिसेकंदाचा असला तर दांडा एका टोकाला, दोनचा असला तर दुसऱ्या टोकाला, दीडचा असला तर बरोबर मध्ये. आतली छोटी सर्किटची पट्टी मागितलेली जागा आणि सध्याची जागा यांची तुलना करत राहते आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरवते.

फरक मिटेपर्यंत. हे दोन शब्द भाचीला मी त्या वेळी ओझरते सांगितले. सगळी कथा त्यांच्यातच होती, हे पुढे भेंडी हातात घेतल्यावर दोघांनाही कळलं.

आमची सर्व्हो होती एमजी 996 आर. धातूच्या दातेरी चाकांची, वजन 55 ग्रॅम, 4.8 व्होल्टला 9.4 किलो-सेंटीमीटर जोर. म्हणजे दांड्यापासून एक सेंटीमीटरवर नऊ किलोहून जास्त वजन ती तोलून धरू शकते. ग्रिपरच्या एका बोटाच्या मुळाशी दाते कापलेले असतात, तसेच दुसऱ्या बोटाच्या मुळाशी. सर्व्हो एकाच बोटाला फिरवते. त्याचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत अडकलेले असल्यामुळे दुसरं बोट आपोआप उलट्या दिशेनं फिरतं. प्रत्येक बोटाला जोडीची आणखी एक पट्टी असते, तिच्यामुळे बोटांची टोकं उघडताना-मिटताना समोरासमोर सरळ राहतात, कात्रीसारखी तिरकी होत नाहीत.

जोडणीत दोन जागा अशा आहेत की तिथं घाई चालत नाही. पहिली जागा सांध्यांची. प्रत्येक सांध्यात तीन मिलिमीटरचा बोल्ट, दोन्हीकडून वायसर आणि नायलॉक नट. या नटाच्या तोंडाशी नायलॉनचं कडं असतं, ते बोल्टच्या आट्यांना घट्ट धरून ठेवतं, म्हणून नट पूर्ण न आवळताही हादऱ्यानं सैल होत नाही. नट आधी पूर्ण आवळायचा आणि मग पाव आटा मागे घ्यायचा. कमी मागे घेतला तर पट्टी अडते आणि सर्व्होचा जोर त्या घासण्यातच जिरतो, जास्त घेतला तर बोटाच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचा हलका खेळ येतो आणि वस्तू निसटते. पाव आटा हे प्रमाणही दर सांध्याला थोडं बदलतं. भाची पान्हा सोडून पट्टी दोन बोटांत धरायची, हळूच हलवायची, कानाजवळ नेऊन ऐकायची आणि मग ठरवायची. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईला शिलाई मशीनचा दोरा ताणून बघताना मी पाहिलं आहे, ती सवय मुलीच्या हातात उतरली असणार असं मला वाटतं.

दुसरी जागा सर्व्होच्या दांड्याची. दांड्यावर बारीक 25 दाते असतात आणि त्यावर तेवढ्याच दात्यांची चकती बसते. एक दाता इकडे किंवा तिकडे झाला तर 14.4 अंशांचा फरक. म्हणून चकती बसवण्याआधी सर्व्होला वीज द्यायची, 90 अंशांवर जा असं सांगायचं, ती तिथं स्थिर झाली की बोटं हातानं अर्धी उघडी धरायची आणि त्याच स्थितीत चकती दाबून बसवायची. मग मधला स्क्रू. हा क्रम पाळला की बोटांना दोन्ही बाजूंना सारखी मोकळीक मिळते. न पाळल्यास सर्व्हो बोटं मिटायला निघते, बोटं आधीच मिटलेली असतात, आणि आत दातेरी चाकं एकमेकांवर झटत बसतात.

विजेचीही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मुलं इथंच नाराज होऊन खेळ गुंडाळतात. सर्व्होला हुकूम पाठवणारी आर्डुइनोची पट्टी कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालते, तिथून साधारण 500 मिलिअँपिअर मिळतात. ही सर्व्हो अडली तर अडीच अँपिअरपर्यंत ओढते. मग व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो बंद पडून पुन्हा सुरू होतं, बोटं थरथरतात आणि मुलांना वाटतं आपला प्रोग्राम चुकला. प्रोग्राम बरोबरच असतो. सर्व्होला वेगळी वीज द्यायची, दोन्हींची ग्राउंड वायर एकत्र जोडायची आणि मध्ये एक मोठा कपॅसिटर टाकायचा, एवढंच करायचं असतं.

बोटं चालायला लागली. काडेपेटी उचलली, खोडरबर उचललं, पेन उचललं. घरातल्या सगळ्यांनी येऊन बघून झालं. मग भाचीनं स्वयंपाकघरातून भेंडी आणली.

भेंडी निवडण्यामागे तिचा हिशेब होता. त्यांच्या विहिरीजवळ भेंडीचे वाफे आहेत आणि तोडणी दिसाआड करावी लागते, नाहीतर भेंडी जून होते. भेंडीच्या लवेनं बोटांना खाज सुटते. आईच्या हाताला कापड गुंडाळलेलं ती लहानपणापासून बघते. रोबोटच्या हातानं काय करावं हा प्रश्न शाळेत विचारला, तेव्हा बाकीच्यांनी चेंडू आणि ठोकळे लिहिले होते, हिनं भेंडी तोडणं लिहिलं होतं.

आम्ही बोटांना मिटायला सांगितलं. ती मिटली, भेंडीला टेकली आणि थांबली नाहीत. सर्व्होमधून घूं असा दाबलेला आवाज यायला लागला, भेंडीच्या कडा चेपल्या, आतलं चिकट पाणी पट्टीवर आलं. "मामा, ही तर भेंडी चेचायली," भाची म्हणाली आणि वायर उपटली.

काय झालं ते सरळ आहे. आम्ही सांगितलेली जागा भेंडीच्या पोटात होती. सर्व्होला भेंडी माहीत नाही. तिला फक्त स्वतःची जागा माहीत असते, आणि मागितलेल्या जागेशी असलेला फरक मिटेपर्यंत ती जोर लावत राहते. मध्ये काय आहे, ते कोवळं आहे की कडक, कुणाचं आहे, हा प्रश्न तिच्यापुढे येतच नाही.

आम्ही कागद घेऊन हिशेब केला. बोटाचं टोक मुळापासून आठ सेंटीमीटरवर. 9.4 भागिले 8, म्हणजे टोकाशी सव्वा किलोहून थोडं कमी, दोन बोटांत वाटून प्रत्येकी सुमारे 600 ग्रॅम. घासण्यात काही जाईल, तरी बरंच उरतं. आता भेंडी बघा. वजन 15 ग्रॅम धरू. ती निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दाब किती हवा? घर्षणाचा गुणांक अर्धा मानला तर प्रत्येक बाजूला 15 ग्रॅम दाब पुरतो. 15 ग्रॅमचं काम आणि 600 ग्रॅमची तयारी. चाळीस पट. छंदाच्या रोबोटबद्दल बोलताना सगळे जण मोटरचा जोर विचारतात, जास्त जोराची सर्व्हो घ्या म्हणतात. आमच्या टेबलावर जोर उतू जात होता. कमी होती ती थांबण्याची.

आठवड्याच्या शेवटी आम्ही गावी गेलो. सकाळी ऊन व्हायच्या आत तोडणी सुरू होती. बहिणीबरोबर गावातल्या एक मावशी होत्या, तोडणीला नेहमी येणाऱ्या. त्यांचा हात मी जवळ बसून पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट देठाशी जातं, बाकीची तीन बोटं भेंडीला नुसती आधार देतात, दाबत नाहीत. मग मनगट किंचित वळतं आणि देठ टक्कन मोडतो. एखादी भेंडी त्या वळणाला ताणून धरते, लगेच मोडत नाही. मावशी ती सोडून पुढे जायच्या.

"मावशी, जोर किती लावता?" भाचीनं विचारलं.

"जोर कशाला लागतो माय? कवळी असली की ती आपसूक येती. नाही आली की सोडून द्यायची, जून झाली म्हनायची. तिला बियाला राहू द्यावं."

मला या उत्तरानं अक्षरशः थांबवलं. त्यांचा हात तोडत होता तसा विचारतही होता. देठ मोडायला किती विरोध करतो, यावरून भेंडी कोवळी की जून हे त्यांना त्याच क्षणी कळत होतं आणि पुढची कृती त्यावर ठरत होती. तपासणी वेगळी आणि तोडणी वेगळी असं काही नव्हतंच. आम्ही बनवलेल्या बोटांना हुकूम पाळता येत होता, पण त्यांना भेंडीकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

माणसाच्या एका तळहातावर आणि बोटांवर मिळून स्पर्श ओळखणारी साधारण 17,000 मज्जातंतूंची टोकं असतात. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातले रोलँड योहान्सन यांनी हे मोजणाऱ्या संशोधनात आयुष्य घातलं. त्यांचा एक प्रयोग साधा आणि विलक्षण आहे. बोटांची टोकं बधिर करून माणसाला काडेपेटीतली काडी काढून पेटवायला सांगितलं. स्नायू शाबूत, डोळे शाबूत, पण काडी हातातून पडते, पुन्हा उचलावी लागते, पुन्हा पडते. एरवी काही सेकंदांचं काम रेंगाळतं. वस्तू हातातून किंचित घसरायला लागली की आपली पकड सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत घट्ट होते, आपल्याला ते घसरणं जाणवण्याआधीच. मावशींच्या बोटांत हे सगळं रोज सकाळी चालू असतं आणि त्याची मजुरी किलोवर ठरते.

कापसाचंही असंच आहे, आणि परभणी जिल्हा कापसाचा. मानवतची बाजारपेठ कापसावर उभी राहिली. बोंड उमलल्यावर त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांना टोकं येतात आणि ती नखांच्या मुळाशी टोचतात. चांगली वेचणारी बाई पाची बोटं जुळवून पाकळ्यांच्या मधोमध घालते आणि सगळा कापूस एका ओढीत काढते, पाचोळ्याचा कण न येऊ देता. ओटीत टाकेपर्यंत दुसरा हात पुढच्या बोंडावर गेलेला असतो. बोंडं सगळी एकदम फुटत नाहीत, म्हणून एकाच वावरात तीन-चार वेचण्या होतात. बोटांनी एवढ्या नाजूकपणे करायचं काम यंत्राला कसं जमावं, हा प्रश्न अमेरिकेत कैक वर्षं अडून होता.

तो सुटला तो वेगळ्याच वाटेनं. जॉन रस्ट नावाच्या टेक्सासच्या माणसाला 1927 साली आपल्या आजीची आठवण झाली. सूत कातताना कापूस चिकटावा म्हणून ती चरख्याची चाती ओली करायची. रस्ट यांनी गुळगुळीत, ओल्या, फिरणाऱ्या चात्यांचं यंत्र बनवलं. चाती बोंडाला लागते, कापूस तिच्याभोवती गुंडाळला जातो आणि बोंडातून सुटून येतो. 1936 साली मिसिसिपीतल्या स्टोनव्हिलला त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. त्या यंत्रानं बोटांची नक्कल केलीच नाही. कापसाला काय आवडतं हे ओळखलं आणि तेवढंच केलं. आपल्याकडच्या उंच, पसरलेल्या, टप्प्याटप्प्यानं फुटणाऱ्या कपाशीत तसं यंत्र सहज चालत नाही, हेही खरं. पण रस्ट यांची वाट मला फार मोलाची वाटते, कारण ती कातणाऱ्या बाईच्या हाताकडे बघून सापडली.

गावाहून परत आल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली बोटांच्या कातडीची. मासा हातात घेऊन त्याच्या शेपटीच्या पंखाला बाजूनं दाबलं, तर पंख बोटापासून दूर न जाता बोटाकडे वळतो. जर्मनीतल्या लाइफ क्नीसे यांनी 1997 मध्ये हे हेरलं आणि त्यावरून रोबोटची मऊ बोटं तयार झाली. त्रिकोणी सांगाडा, मध्ये आडव्या पट्ट्या. वस्तू टेकली की बोट स्वतःच तिच्याभोवती वाकतं, त्यासाठी वेगळी मोटर लागत नाही. तशी बोटं छापायला थ्रीडी प्रिंटर हवा, तो शाळेत होता आणि शाळा बंद होती. म्हणून आम्ही पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि बोटांच्या आतल्या बाजूला सोल्युशननं दोन टोकांना चिकटवल्या, मध्ये थोडी सैल सोडून. आता भेंडी टेकली की रबर आधी वाकतं, तिच्या कडांमध्ये बसतं. घर्षण वाढलं, म्हणून दाब कमी पुरतो. जे शहाणपण प्रोग्राममध्ये घालायला कठीण होतं, त्यातलं बरंचसं टाकून दिलेल्या ट्यूबनं निभावलं.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. सर्व्हो बोलत नाही, पण तिचा करंट बोलतो. मोकळी फिरताना ती थोडा करंट घेते, काही आड आलं की लगेच जास्त. करंट मोजणारी आयएनए 219 नावाची छोटी चिप मिळते. ती विजेच्या वाटेत बसवली. मग बोटांना मिटण्याचा एकदम हुकूम न देता थोड्या थोड्या अंशांनी पुढे सरकवायचं, दर पावलाला करंट वाचायचा आणि तो चढलेला दिसला की थांबून किंचित मागे यायचं, असं भाचीनं लिहिलं. तिनं त्या प्रोग्रामच्या भागाला मावशींचं नाव दिलं आहे. भेंडी उचलली गेली. चेपली नाही, पडली नाही, हात वळला आणि ती ताटलीत ठेवली गेली. जून भेंडी ओळखून सोडून देणं अजून जमत नाही, ते पुढच्या सुट्टीचं काम.

आणखी एक अडचण आहे, तिच्यावर मी अलीकडे खूप विचार करतो. 55 ग्रॅमची सर्व्हो हाताच्या टोकाला बसवली की तिचंच ओझं खांद्याला होतं. हात 30 सेंटीमीटर पुढे गेला तर नुसत्या त्या सर्व्होसाठी खांद्याला दीड किलो-सेंटीमीटरहून जास्त जोर खर्चावा लागतो, वस्तू उचलायच्या आधीच. आपल्या शरीरानं हे कोडं केव्हाच सोडवलं आहे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि मनगटातून जाणाऱ्या लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. डावा हात उजव्या कोपराखाली ठेवून उजवी बोटं हलवून बघा, स्नायू हलताना हाताला लागतात. सर्व्हो मागे तळाशी नेऊन सायकलच्या ब्रेकच्या वायरनं बोटं ओढावीत, असं आमच्या मनात आहे.

आमच्या घरापासून वसमत रोडवरची काळी कमान दूर नाही. कमानीच्या आत 1972 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे, 2013 पासून वसंतराव नाईक यांच्या नावाचं. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला तोंड देणारी परभणी क्रांती ही भेंडी याच विद्यापीठाची. जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या नाहेप प्रकल्पात याच विद्यापीठाला डिजिटल शेतीचं प्रगत केंद्र मिळालं, विषय होता रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनं. म्हणजे रोबोट हा परभणीला परका विषय राहिलेला नाही. पण एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. ड्रोन पिकावरून उडतो, फवारतो, फोटो काढतो. त्याला पिकाला हात लावावा लागत नाही. जगातला पहिला कारखान्यातला रोबोट 1961 मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचा. काम धोक्याचं, पण भाग प्रत्येक वेळी सारखाच. वावरात दोन भेंड्या सारख्या नसतात आणि त्या दोन्हींना हात लावावाच लागतो. शेतीतलं शेवटी उरणारं काम हेच आहे, तोडणीचं आणि वेचणीचं, आणि ते आज जवळपास सगळं बायकांच्या बोटांवर चालतं.

त्यांची मजुरी जाईल, हा प्रश्न मला लोक विचारतात आणि विचारायलाच हवा. माझं मत स्पष्ट आहे. यंत्रानं आधी खाज, टोचणं आणि दिवसभर वाकलेली पाठ एवढं उचलावं, आणि ते यंत्र वेचणाऱ्या बाईच्या नावावर असावं. दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटतो तेव्हा भाचीच्या वर्गातली काही बाकं रिकामी होतात, मुली वेचणीला गेलेल्या असतात. त्या मुलींची बोटं जे जाणतात ते रोबोट बनवणाऱ्या कुठल्याही महाविद्यालयात शिकवलं जात नाही, आणि त्या मुलींपर्यंत लॅब पोचत नाही.

अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 साली आली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50 हजार लॅबची घोषणा झाली आहे. त्यातल्या काही परभणी जिल्ह्यात येतील. जिंतूर, सेलू, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, कुठंही असोत, तिथल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. खोकी कपाटात ठेवू नका, भाग हरवले तर हरवू द्या, एक सर्व्हो जळली तर दुसरी येते. लॅब उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडी ठेवा, कारण वेचणीला गेलेल्या मुलीला वेळ तेव्हाच मिळतो. आणि ग्रिपर जोडायला घेण्याआधी मुलांना एका सकाळी भेंडीच्या वावरात घेऊन जा, वही बरोबर असू द्या, तोडणाऱ्या मावशींना मुलांच्या पुढे उभं करा आणि मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्या. त्या सकाळची मजुरी मावशींना शाळेनं द्यावी.